गुलाबाची पाने का गळतात?

आपल्याकडे जुन्या घराच्या अंगणात तुळशीवृंदावन असते, आणि त्याच्या आसपास बहुधा एखादे गुलाबाचे झाड असते. ते कोणी लावले हे पुष्कळदा घरातल्या कर्त्या माणसालाही सांगता येत नाही. सासूबाईंनी लावले असेल, नाहीतर त्यांच्याही सासूबाईंनी. रोज सकाळी दोन फुले देवाला, एखादे लेकीच्या वेणीत, आणि उरलेल्या पाकळ्यांचा वर्षाकाठी बरणीभर गुलकंद, असा त्या झाडाचा घराशी व्यवहार असतो.

अशा झाडाची पाने एके दिवशी गळू लागतात. पंधरा दिवसांत झाडाच्या नुसत्या काटक्या उरतात. मग ज्याला जे सुचेल ते तो सांगतो. कोणी म्हणतो, युरिया टाका. कोणी म्हणतो, पाणी वाढवा. कोणी म्हणतो, झाड म्हातारे झाले, उपटून टाका. या तीन सल्ल्यांपैकी एकाही सल्लागाराने गळलेले पान हातात घेऊन पाहिलेले नसते.

या धड्यात आम्ही एकच गोष्ट सांगणार आहोत. पानगळ हा रोग नव्हे, पानगळ ही खूण आहे. माणसाला ताप येतो, पण प्रत्येक ताप एकाच कारणाने येत नाही. हिवतापाचा ताप वेगळा, विषमज्वराचा वेगळा. चांगला वैद्य आधी विचारतो, पाहतो, आणि मग औषधाची पुडी बांधतो. झाडाचेही तसेच करावयाचे.

पान गळते म्हणजे काय होते?

पान झाडावरून तुटून पडते असे आपण समजतो. खरे पाहता झाड ते पान सोडून देते. पानाचा देठ फांदीला जेथे चिकटलेला असतो, तेथे नाजूक पेशींचा एक पातळ थर असतो. पान निकामी झाले की तो थर सुटा होतो, मागे फांदीवर लहानसा व्रण भरून येतो, आणि पान खाली पडते. रोगी पानात इथिलीन नावाचा वायू अधिक प्रमाणात तयार होतो, आणि हा थर सुटा होण्यास त्याची मदत होते. केळी पिकतात तीही याच वायूमुळे.

यातून एक फार उपयोगी गोष्ट कळते. पान सोडून देणे हे जिवंत फांदीचे काम आहे. फांदी एकाएकी मेली तर पान सोडायला तिच्यात जीवच उरत नाही. मग पाने वाळतात, तपकिरी होतात आणि तशीच फांदीला लटकून राहतात. म्हणून हे लक्षात ठेवा: पाने गळाली असतील तर फांदीत बहुधा जीव आहे. पाने वाळून लटकली असतील तर ती फांदी गेली.

शंका असेल तर अंगठ्याच्या नखाने फांदीची साल थोडी खरवडा. आत हिरवे आणि ओलसर दिसले तर फांदी जिवंत आहे. आत तपकिरी आणि कोरडे दिसले तर ती मेली. झाड उपटण्याचा विचार मनात आला की आधी ही परीक्षा करावी. शेंड्याकडून सुरू करून खाली बुंध्यापर्यंत खरवडत यावे. वरच्या फांद्या मेल्या असल्या तरी बुंधा हिरवा असेल, तर ते झाड पुन्हा फुटू शकते.

झाडाला विचारायचे पाच प्रश्न

झाड बोलत नाही, पण विचारले तर सांगते. आम्ही पाच प्रश्न ठरवून ठेवले आहेत.

पहिला प्रश्न: पाने कधी गळाली? पावसाळ्यात, थंडीत की उन्हाळ्यात?

दुसरा: कोठली गळाली? खालची, वरच्या शेंड्याची, की एकाच फांदीवरची?

तिसरा: पानाच्या वरच्या बाजूला काय दिसते? ठिपके आहेत, पांढरी भुकटी आहे, की नुसता पिवळेपणा?

चौथा: पानाच्या खालच्या बाजूला काय दिसते? येथे पुष्कळ जण चुकतात. पान उलटून पाहण्याचा कंटाळा करू नये.

पाचवा: बुंध्याशी माती कशी आहे? बोट आत घालून पाहा. चिकट आहे, कोरडी ठणठणीत आहे, की हाताला ओल लागते?

या पाच प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्मे काम झाले. आता एकेक दुखणे पाहू.

दुखणे नसलेली पानगळ

जुन्या गुलाबाचा बुंधा खालून उघडा असतो. हे वयाचे लक्षण आहे, दुखणे नव्हे. शिवाय झाडाच्या आतल्या बाजूची, सावलीत सापडलेली जुनी पाने अधूनमधून पिवळी होऊन पडतातच. आठवड्यात चार-सहा पाने पडली आणि शेंड्याला नवी तांबूस पालवी येत असली, तर काळजीचे कारण नाही. तेथे औषध मारणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे.

पावसाळ्यातील काळे ठिपके

आषाढ ते भाद्रपद या दिवसांत पानगळ झाली, तर पहिला संशय या रोगावर घ्यावा. पानाच्या वरच्या बाजूला काळे गोल ठिपके पडतात. ठिपक्याची कड साफ नसते. शाईचा थेंब टीपकागदावर पडल्यावर जसा झिरपतो, तशी ती कड दिसते. ठिपक्याभोवतीचा भाग पिवळा होतो आणि पान पडते. रोग खालच्या पानांपासून सुरू होतो आणि वर चढतो.

हा किडीचा रोग नव्हे, बुरशीचा रोग आहे. बुरशीचे बी डोळ्यांना दिसत नाही, इतके बारीक असते. पावसाच्या थेंबांबरोबर ते खालून वर उडते आणि पानावर बसते. पान सात तास किंवा त्याहून जास्त वेळ ओले राहिले की ते रुजते. आठवड्या-दोन आठवड्यांत ठिपके दिसू लागतात. म्हणून गुलाबाला पाणी सकाळी द्यावे आणि बुंध्याशी द्यावे. संध्याकाळी झारीने वरून दिलेले पाणी रात्रभर पानावर राहते. ती बुरशीची मेजवानीच ठरते.

पडलेल्या पानांवर बुरशी जिवंत राहते आणि पुढच्या पावसाची वाट पाहते. पडलेली पाने रोज वेचावी आणि दूर, हातभर खोल खड्ड्यात पुरावी. ती खताच्या उकिरड्यावर टाकू नयेत, कारण तेथून ती खताबरोबर पुन्हा झाडाशीच येतात. झाडाच्या मधल्या दाटीतल्या बारीक काटक्या काढून हवा खेळती करावी. निम्मा रोग एवढ्यानेच आटोक्यात राहतो.

थंडीतील भुरी

मार्गशीर्ष-पौषात कोवळ्या पानांवर आणि कळ्यांवर पिठासारखी पांढरी भुकटी दिसते. पाने चुरगळतात, वाकडी होतात. हिला भुरी म्हणतात. हीसुद्धा बुरशीच आहे, पण काळ्या ठिपक्यांच्या उलट स्वभावाची. हिला पान ओले असण्याची गरज नसते. दिवसा ऊब आणि रात्री गारवा असला की ही फैलावते. हिने झाड एकदम उघडे पडत नाही, पण शेंडे खुरटतात. पाण्यात विरघळणारे गंधक १ लिटर पाण्यात २ ग्रॅम या मापाने फवारले की भुरी आटोक्यात येते. मात्र कडक उन्हाच्या दिवसांत गंधक फवारू नये, पाने करपतात.

उन्हाळ्यातील लाल कोळी

फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत हवा कोरडी आणि तापलेली असते. तेव्हा पाने फिकट होतात, त्यांवर सुईने टोचल्यासारखे बारीक पिवळे ठिपके दिसतात, मग पान तांबूस होऊन गळते. लोकांना वाटते पाणी कमी पडले. पान उलटून पाहा. खाली बारीक जाळी दिसेल. एक पांढरा कागद फांदीखाली धरा आणि फांदीला टिचकी मारा. कागदावर मिरपुडीसारखे कण पडतील. क्षणभर थांबा. ते कण चालू लागले, तर तो लाल कोळी समजावा.

कोळी हा किडा नव्हे. किड्याला सहा पाय असतात, कोळ्याला आठ. त्यामुळे किड्याचे प्रत्येक औषध कोळ्याला लागू पडत नाही. उलट काही औषधांनी कोळी खाणारे उपयोगी किडे मरतात आणि कोळी आणखी माजतो. घरच्या दोन-चार झाडांसाठी साधा उपाय पाण्याचा आहे. सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोराचा फवारा मारावा. दोन-तीन दिवसांआड असे तीन-चार वेळा करावे. एकदा करून भागत नाही, कारण उष्ण हवेत अंड्यापासून नवा कोळी तयार व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. जोडीला ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे ५० ग्रॅम निंबोळीची पूड १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेला अर्क, संध्याकाळी ऊन उतरल्यावर फवारावा.

मुळांचे दुखणे

पानावर ठिपका नाही, जाळी नाही, भुकटी नाही, आणि तरी खालची पाने सरसकट पिवळी होऊन पडतात. अशा वेळी पान सोडा आणि मातीकडे पाहा.

आमच्या गावात नळ आल्यानंतर अशी पानगळ आम्ही पुष्कळ अंगणांत पाहिली. पूर्वी विहिरीवरून घागर आणावी लागे, म्हणून झाडाला तांब्याभर पाणी मिळे. आता धुण्याभांड्याचे पाणी सरळ आळ्यात सोडले जाते. काळी माती ते पाणी धरून ठेवते. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. माती सतत चिखल राहिली की मुळे गुदमरतात आणि कुजतात. मुळे कुजली की झाडाला पाणी ओढता येत नाही. गंमत अशी की पाण्यात उभे असलेले झाड तहानेने सुकल्यासारखे दिसते, आणि ते पाहून घरची माणसे आणखी पाणी घालतात!

बोटाला चिकट चिखल लागला आणि मातीला कुबट वास आला, तर पाणी बंद करावे. पाणी निघून जाण्यासाठी चर काढावा. माती खुरप्याने हलकी करावी, पण मुळांना इजा करू नये. अशा झाडाला युरिया देऊ नये. पोट बिघडलेल्या माणसाला कोणी श्रीखंड-पुरी वाढत नाही.

पिवळेपणा खालून वर चढतो की वरून खाली उतरतो, हेही पाहावे. खालची जुनी पाने आधी फिकट होत असतील तर पाणी साचले असेल, नाहीतर झाड भुकेले असेल. शेंड्याची नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील, तर झाडाला लोह मिळत नाही. चुनखडीच्या जमिनीत असे होते.

फांदीचे मरण

एक फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली येते, तिची पाने वाळून लटकतात, बाकी झाड बरे असते. याला शेंडेमर म्हणतात. बोथट कात्रीने किंवा विळ्याने छाटताना फांदी चेचली की त्या जखमेतून हा रोग आत शिरतो. काळ्या भागाच्या खाली दोन बोटे, जेथे कापल्यावर आतला गर पांढरा दिसेल, तेथे धारदार कात्रीने कापावे. पांढरा गर दिसला नाही तर आणखी खाली कापावे. दर कापाला कात्री स्पिरिटने पुसावी.

जुन्या झाडात आणखी एक गोष्ट घडते. बहुतेक कलमी गुलाब दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून केलेले असतात. आपल्याकडे खुंटासाठी पुष्कळदा एडवर्ड गुलाब वापरतात. मादागास्कर बेटाच्या पूर्वेला रेयुनिऑन नावाचे बेट आहे, त्याचे जुने नाव बूर्बोन. तेथल्या गुलाबांच्या जुन्या कुळातला हा एडवर्ड. तो स्वतःही सुवासिक फुले देतो. पण कलमाच्या जोडाखालून खुंटाचा फुटवा वर आला, तर तो जोमाने वाढतो आणि मूळ कलम उपाशी पडून त्याची पाने झडतात. फुटवा जोडाच्या वरून आला की खालून, हे माती थोडी बाजूला करून पाहावे. खालून आला असेल तर तो मुळाशी ओढून काढावा. नुसता वरून कापला तर पुन्हा फुटतो.

एका झाडाची हकीकत

आमच्या आळीत एक वहिनी राहतात. वय साठीच्या आसपास. त्यांच्या अंगणात तीस वर्षांचा गुलाब आहे. त्यांचे यजमान हयात असताना त्यांनी तो लावला होता. वहिनी त्याच्या पाकळ्यांचा गुलकंद करतात आणि चार घरी विकतात. त्यावर त्यांचा हातखर्च भागतो. त्या रात्रीच्या साक्षरता वर्गालाही येतात.

एका भाद्रपदात त्या आम्हांला म्हणाल्या, "गुरुजी, झाड गेलं हो माझं. एक पान राहिलं नाही. मुलगा म्हणतो उपटून टाकू, तिथं मोटारसायकल लावायला जागा होईल."

आम्ही जाऊन पाहिले. मुलगा आईचे मन राखायला म्हणून शेजारच्या द्राक्षबागेतून उरलेली औषधाची अर्धी बाटली घेऊन आला होता. "एक शेवटचा उपाय करून बघतो," तो म्हणाला.

आम्ही म्हटले, "औषध मारायचे ते मारू. पण कशावर मारायचे ते आधी ठरवू. वहिनी, पडलेली पाने कोठे आहेत?"

पाने झाडाखालीच कुजत पडली होती. वहिनींनी चार पाने उचलली. वरच्या बाजूला काळे ठिपके, कड झिरपलेली. खालच्या बाजूला जाळी नाही, किडा नाही. शेंड्याला पाच-सात पाने अजून हिरवी होती. म्हणजे रोग खालून वर चढला होता. बोट मातीत घातले, तर ओल बेताची. वहिनींनी नखाने साल खरवडली. आत हिरवे निघाले. एकच फांदी तपकिरी निघाली, आणि वाळकी पाने लटकली होती तीही तिच्यावरच.

"म्हणजे जिवंत आहे?" वहिनींनी विचारले.

"जिवंत आहे. बुरशी लागली आहे. आता बाटलीवर काय लिहिले आहे ते वाचा."

मुलगा पुढे झाला. आम्ही म्हटले, "तू नको, आईला वाचू दे."

वहिनींनी बाटली डोळ्यांजवळ धरली. अक्षरे बारीक होती, कागद फाटला होता. त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर लावले. "की... ट... क... कीटकनाशक." थोड्या वेळाने त्यांचे बोट एका तिरप्या चौकोनावर थांबले. खालचा अर्धा भाग लालभडक होता. वर कवटी होती. "वि... ष. विष," त्या म्हणाल्या, आणि बाटली खाली ठेवून त्यांनी हात पदराला पुसले.

मुलगा गप्प झाला. त्याला दोन गोष्टी एकदम कळल्या. औषध किडीचे होते आणि रोग बुरशीचा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! आणि दुसरी गोष्ट अधिक मोठी. त्याच झाडाच्या पाकळ्यांचा गुलकंद चार घरची लहान मुले खातात. झाडावर मारलेले विष पाकळीतून थेट त्यांच्या पोटात गेले असते.

वहिनींनी पाने वेचून पुरली. मेलेली फांदी कापली. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, झाड छाटले आणि उघड्या फांद्यांवर बोर्डो मिश्रण फवारले. आळ्यात दोन घमेली शेणखत घातले. तेथून सातव्या आठवड्यात पहिले फूल आले. मोटारसायकल रस्त्यालाच उभी असते.

बोर्डो मिश्रण कसे करावे?

या मिश्रणाची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. फ्रान्स देशात बोर्डो नावाचा द्राक्षांचा मुलूख आहे. रस्त्याने जाणाऱ्यांनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून तेथले बागाईतदार कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. १८८२ साली तेथे केवडा रोगाने वेलींची पाने झडत होती. मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की रस्त्याकडेच्या वेलींची पाने मात्र शाबूत आहेत. त्याने प्रयोग करून पाहिले आणि १८८५ मध्ये हे औषध जगापुढे मांडले. कोठली पाने गळाली आणि कोठली राहिली, एवढेच त्याने नीट पाहिले होते.

१० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात विरघळवा. १० ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या अर्ध्या लिटर पाण्यात विझवा. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची घ्या, लोखंडाची घेऊ नका. दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओता, ढवळा आणि फडक्याने गाळा. मग लोखंडाचे स्वच्छ पाते मिनिटभर त्यात बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुन्याची निवळी आणखी घाला. थर आला नाही तर मिश्रण ठीक आहे. ते त्याच दिवशी वापरा. छाटणीनंतर उघड्या फांद्यांवर ते फवारावे. कोवळ्या पालवीवर फवारू नये, पाने करपतात. नाकातोंडाला फडके बांधावे, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावे.

बाटलीवरची खूण

१९७१ सालच्या कीटकनाशक नियमांनी औषधांच्या बाटल्यांवर पतंगाच्या आकाराचा चौकोन छापण्याचे ठरवून दिले. चौकोनाच्या खालच्या भागात रंग असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे फार विषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी, आणि हिरवा म्हणजे त्याहून कमी विषारी. हिरवा म्हणजे निर्धोक असे मात्र समजू नये. लाल खुणेवर कवटी आणि दोन हाडे असतात.

ज्याला वाचता येत नाही त्यालाही रंग दिसतो. पण औषध कशावर आहे, किती पाण्यात किती घालायचे, मुदत कधी संपते आणि विषबाधा झाली तर काय करायचे, हे रंग सांगत नाही. ते अक्षरच सांगते. ज्या झाडाची फुले किंवा पाकळ्या खाण्यात येतात, त्यावर उसने आणलेले, चिठ्ठी फाटलेले औषध कधीही मारू नये.

झाडाची वही

शेवटी एक काम सांगतो. एक लहान वही करा. तिच्यात तारीख, किती पाने पडली, कोठली पडली, पाऊस होता की ऊन, आणि आपण काय केले, एवढे पाचच रकाने आखा. दर रविवारी एक ओळ लिहा. वर्षभरात बावन्न ओळी होतात. पुढच्या वर्षी पाने गळू लागली की मागची पाने उलटून पाहा. शेजाऱ्याला विचारण्याआधी आपल्या वहीला विचारता येईल.

शब्दांचे अर्थ

आळे: झाडाच्या बुंध्याभोवती पाण्यासाठी केलेला खळगा.
खुंट: ज्यावर कलम करतात ते झाड.
डोळा भरणे: एका झाडाची कळी दुसऱ्या झाडाच्या सालीत बसवणे.
मोरचूद: तांब्यापासून होणारे निळे क्षार.
निवळी: वर राहिलेले स्वच्छ पाणी.

उत्तरे लिहा

१. पाने गळणे आणि पाने वाळून लटकणे यांत काय फरक आहे?
२. लाल कोळी ओळखण्यासाठी पांढरा कागद कसा वापराल?
३. चिखलात उभे असलेले झाड सुकल्यासारखे का दिसते?
४. वहिनींच्या झाडावर बाटलीतले औषध मारले असते, तर कोणते दोन तोटे झाले असते?

करून पाहा

आपल्या किंवा शेजारच्या अंगणातील एका झाडाखालची पाच पाने उचला. ती दोन्ही बाजूंनी पाहा. जे दिसेल ते पाच ओळींत लिहा आणि पुढच्या वर्गात वाचून दाखवा.